दादाचं टॉसचं नाणं

चहा घ्या रे, पण आधी ऐका. दादाला जाऊन महिना झाला. काल पहिल्यांदाच त्याची पँट घातली. खिशात त्याचं टॉसचं पाच रुपयांचं नाणं होतं. माशाची शेवटची तुकडी कोणाला, खाटेवर कोण झोपणार, सगळं दादा त्यावरच ठरवायचा. आणि कायम हरायचा. मी त्याला पनवती म्हणायचो.

खाली दुकानात बिडी घेताना तेच नाणं चुकून मालवणी काकांना दिलं.

"अरे झिला, ह्यां खोटां! दोनय बाजूक सिंह. आकडो खंय आसा?"

"दादाचं टॉसचं नाणं ते," मी म्हटलं. काका हसले. "छापो मागून तुझो दादा रोज जिंकत असतलो!"

"नाय काका. तो दर वेळी काटाच मागायचा."