शाळेमागचं उंच गवत

आयोवातल्या त्या रोपविक्रीत रांग काही हलेचना, आणि ब्रिनच्या पुढे व्हर्ना आणि जोडी या दोन शिक्षिका अशा बोलत होत्या की तिचे कान तिकडेच!

"व्हर्ना, सकाळी त्या जुन्या दफनभूमीत कधीच न नांगरलेलं प्रेअरीचं गवताळ रान बघितलंस आणि वेडीच झालीस. शाळेच्या बागेत एवढं उंच गवत?"

"अगं, पोरं आत शिरली की दिसेनाशी झाली पाहिजेत. आम्ही अशाच गवतात वाढलो."

"आणि ह्या रोपाच्या पिवळ्या फुलाचं काय? कधी येणार ते?"

"आठ-दहा वर्षांनी. आधी नुसती मुळंच खोल जातात."

"अगं बाई, शाळाच दोन वर्षांत बंद होतेय! पोरं जाणार शेजारच्या गावात. फूल बघायला कोण उरणार?"

"कोणी नाही. पण गवत कापणाराही उरणार नाही, जोडी. गेल्या वेळी पेरलं, तर शिपायानं तण समजून सगळं सपाट केलं होतं."

"म्हणजे कुलूपबंद शाळा, आणि मागे फुलं."

"मी येईन ना बघायला. कुंपण बुटकंच आहे."

"त्या वयात कुंपण चढशील?"

"तू ढकल की मागून."

"...बरं. दोन रोपं जास्त घे."