उद्याचं प्रभुभोजन

(शनिवारची दुपार. उस्मानपुऱ्यात चर्चच्या पाळकसाहेबांच्या घरची बैठकीची खोली. समोर मंडळीतल्या सरूबाई.)

सरूबाई : पन तिचा गुन्हा काय, पाळकसाहेब? खोलीतला व्हिडिओ नवऱ्यानं काढला, तिला न कळू देता. नांदायला आली नाय म्हून त्यानंच मोबाईलवर सोडला. अन् उद्या चर्चात प्रभुभोजनाची भाकर न् प्याला मह्या लेकीनं घ्यायचा नाय?

पाळक : ही शिक्षा नाही हो. पंचांचं म्हणणं एवढंच, की तुमच्या सुवार्तानं थोडे दिवस गायनमंडळात उभं राहू नये, प्रभुभोजनही घेऊ नये. वातावरण जरा निवळू द्या.

सरूबाई : अंगणवाडीची नोकरी गेली तिची. दाराला आतून कडी लावून बसती. भाजीवाला बी वळून पाहतो म्हनती. तुमी एकदा तरी प्रार्थनेला आलते का घरी?

पाळक : यायला हवं होतं. चुकलंच माझं. पण तरुण संघाचं शिबिर ठेवलंय याच विषयावर. पुण्याहून वक्ते येणार आहेत. असलं काही पाहण्यानं मनाचं काय होतं, संसार कसे मोडतात...

सरूबाई : ठिवा की. त्याच पोरांनी सोयगावला मह्या भावकीपस्तोर पोचवला त्यो व्हिडिओ. त्येबी उद्या प्याला घेतीलच ना?

पाळक : कुणी पाहिला, कुणी नाही, हे आपण कसं ठरवणार?

सरूबाई : तिचं बरं लगेच ठरलं.

पाळक : मी पंचांना आधी म्हणालो, अफवा असेल. पण तिचा चेहरा स्वच्छ दिसतो त्यात, सरूबाई. नाही म्हणायला जागाच नाही.

सरूबाई : तुमाला कसं ठाऊक?

पाळक : काय?

सरूबाई : दिसतो म्हनले तुमी.

पाळक : पंचांच्या मीटिंगमध्ये पुंजारामभाऊंनी फोन पुढे केला. शहानिशा केल्याशिवाय कुणाविरुद्ध ठराव करायचा नाही, ही मंडळीची रीत. म्हणून पाहिला. आम्ही सगळ्यांनीच.

सरूबाई : आधी प्रार्थना केलती का?

पाळक : ...हो. प्रार्थनेशिवाय मीटिंग सुरू होत नाही.

सरूबाई : प्रार्थना करून पाह्यला. तुमीच तिचं लगीन लावलं व्हतं, पाळकसाहेब. नवरीच्या वेशात तुमच्या पाया पडली व्हती पोरगी.

पाळक : बोलू नका हो. त्या वेळी एकाच्याही मनात आलं नाही आपण काय करतोय. मला लाज वाटते. उद्या मी सगळ्यांसमोर कबूल करीन. ज्यांनी पाहिला, त्यांनी प्याल्याला हात लावू नये म्हणेन. आणि पहिला मी.

सरूबाई : नका.

पाळक : का?

सरूबाई : आज सकाळी तिनं कडी काढली. साडीला इस्तरी केली. म्हनली, आई, उद्या जाऊ. साऱ्या मंडळीनं पाह्यलं असंल, पन पाळकसाहेबांनी तर नाय ना. तेवढ्या एका मानसापुढं तरी मान वर करता येईल.

पाळक : म्हणजे मी तिच्यासमोर खोटा बनूनच उभं राहायचं?

सरूबाई : व्हय. तेवढं करा तिच्यासाठी. ठराव फाडा. पोरांना, पंचांना काय सांगायचं त्ये सांगा. तुमचं नाव तेवढं घेऊ नका.

पाळक : आणि पुढं कधी तिला कळलं तर?

सरूबाई : तवा मी हाय. उद्या प्याला देताना तिच्याकडं बगा मात्र, नेहमी बगता तसं. नजर खाली गेली, की तिला कळंल.