उणे दोन वर्षांचा मुलगा

मानपाड्याला शेअर रिक्षाच्या रांगेत माझ्यापुढे दहावीतली दोघं उभी होती. हातात क्लासच्या गणिताचे तपासलेले पेपर.

"दक्षता, तुझं उत्तर सात कसं? मी तर तुझंच बघून लिहिलेलं."

"काय लिहिलंस?"

"मुलाचं आजचं वय, उणे दोन. सर म्हणाले, प्रणित, दोन वर्षांनी बारशाला बोलव. अख्खा क्लास हसला."

"मीपण हसले."

"पण तूही उणे दोनच लिहिलेलंस. मी पाहिलंय."

"तू पेपर देऊन गेलास, मग मी ते खोडलं."

"म्हणजे मुद्दाम?"

"अरे, वर्गसमीकरण सूत्राने सोडवलं की दोन उत्तरं येतात. एक माझ्यासाठी ठेवलं, एक तुझ्यासाठी."