भिकाजीचा ओटीपी

...नाही, मला सांगा, माणूस गेल्याचा मेल कुठली कंपनी अडवते हो? आमची! मरोळला ऑफिस आमचं, लिफ्टचे सुटे भाग पाठवतो आम्ही, त्यात कोणाला काय चोरायचंय? पण नाही, हेड ऑफिसने फायरवॉल बसवली, वर व्हीपीएन दिलं. तुम्हाला सोपं करून सांगतो, फायरवॉल म्हणजे गेटवरचा वॉचमन आणि व्हीपीएन म्हणजे त्याने ओळख पटवून आपल्याला आत घ्यायचं. ओळख कशी पटणार? मोबाईलवर ओटीपी येणार, तो टाकला तरच सिस्टीम उघडणार, तरच माल पाठवायचं चलन निघणार. आणि अख्ख्या ऑफिसला लॉगिन किती? एक! आमच्या भिकाजीच्या नावावर, कारण तो सगळ्यांत जुना. बाकीच्यांचं काय? हेड ऑफिसचा आयटीवाला केयूर म्हणतो, "अप्रूव्हल पेंडिंग आहे. सिक्युरिटी आहे ना, सर!"

मग काय, जुगाड केला. भिकाजी सकाळी येऊन ओटीपी टाकायचा, त्या एकाच कॉम्प्युटरवर आम्ही सगळे आळीपाळीने बसायचो, झकास चाललं होतं... आणि भिकाजी गेला. जेवता जेवता गेला हो! माझ्यासमोर. "शिवदास, बांगडा घे रे," म्हणाला आणि मान टाकली.

हेड ऑफिसला फोन केला. एचआरच्या रश्मी मॅडम म्हणाल्या, "ओह, सो सॅड! पण तोंडी चालत नाही, मेल टाका." टाकला. 'दुःखद निधन', खाली फोटो. मेल परत! फायरवॉल म्हणते, मजकूर संशयास्पद आहे. फोटो काढला, पुन्हा टाकला, पुन्हा परत! केयूरला फोन लावला, म्हटलं, अरे, मेलमध्ये असं आहे की... तर मला मध्येच तोडतो, "आत काय आहे ते सांगू नका, मला ऐकायची परमिशन नाही. सिक्युरिटी आहे ना, सर!" म्हणजे झालं काय, मरोळमध्ये भिकाजी गेला आणि हेड ऑफिसात कामावर!

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओटीपी कुठे जाणार? भिकाजीच्या फोनवर. फोन कुठे? वाकोल्याला, घरी, मथुरावहिनींकडे. सगळं ऑफिस माझ्याकडे बघतंय. "तू कर रे, तुझा दोस्त होता." लावला फोन. रडून रडून बसलेला आवाज, "भावजी, चार... शून्य... थांबा हां, चष्मा घेते."

बरं, एकदा घेतला की सुटका? कसली! लाईन तुटली, नवा ओटीपी. चहा प्यायला उठलो, नवा ओटीपी. त्या बाईने आंघोळीला जाताना फोन बाथरूममध्ये न्यायचा, आमची चलनं अडू नयेत म्हणून! जलदान विधीला सगळे पांढऱ्या कपड्यांत बसलेले, त्रिशरण चाललंय, आणि भिकाजीचा फोन... टिंग! इकडे ऑफिसात आमच्यातल्या प्रितमने लॉगिन दाबलं होतं, कुठल्याशा टॉवरची लिफ्ट बंद पडली म्हणून. वहिनी नवऱ्याच्या फोटोसमोरून उठल्या, पदराने स्क्रीन पुसली, माझ्या कानाशी येऊन हळूच आकडे सांगितले. आणि मी? मी तिथे मांडी घालून बसल्या बसल्या प्रितमला मेसेज केला! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

बस झालं म्हटलं. स्वतः गेलो हेड ऑफिसला, केयूरसमोर उभा राहिलो, एका दमात सांगून टाकलं, भिकाजी वारला, मेल तुझ्या त्या फायरवॉलने खाल्ला, त्या बाईला आता सोड. तर तो मलाच झापतो, "अरे, मग आधी बोलायचं ना! मेलेल्या माणसाचं लॉगिन वापरता? सिक्युरिटी आहे ना, सर!" कानाखाली वाजवणार होतो यार. दोन क्लिक केले त्याने, भिकाजी बंद. माझं लॉगिन तिथल्या तिथे चालू. इतकं सोपं होतं, बोला!

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच्या फोनवरून ओटीपी टाकला, कोणाला त्रास नाही, काही नाही. तेवढ्यात वहिनींचा फोन. "भावजी, आज नंबर आला नाही हो. सगळं ठीक आहे ना तिकडे?"

म्हटलं, वहिनी, सुटलात तुम्ही, आता नाही येणार.

मग म्हणाल्या, "बरं झालं... नाही, तसं काही नाही. सकाळी तो फोन वाजला की वाटायचं, हे पोचले ऑफिसात."

त्यांनी फोन ठेवला, तसा मी केयूरला लावला. म्हटलं, माझ्या लॉगिनचा मोबाईल नंबर बदल, आणि भिकाजीचा नंबर सांगितला. म्हणतो, "नंबर स्वतःचाच पाहिजे हां. सिक्युरिटी आहे ना, सर!"

म्हटलं, स्वतःचाच आहे.

काल वहिनी गिरणीत दळण टाकायला गेल्या, फोन घरी. मी इथे कॉम्प्युटरसमोर हात बांधून बसलेला. लॉगिनला उशीर, लेटमार्क लागला. लागू दे.