ड्रायव्हर टाकल्यावर आलेला निरोप

तुम्ही हसाल, पण लिनक्समध्ये नेटवर्कचा ड्रायव्हर टाकायचा म्हटलं की माझ्या अंगावर अजून काटा येतो.

पिंपळगावला भाऊसाहेबांचं द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज होतं. त्यांच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मी लिनक्स टाकलं, तर नेटवर्क कार्डच चालेना. कोल्ड रूममध्ये तापमान नोंदवणारा दुसरा कॉम्प्युटर होता, त्याचं ऑफिसात काहीच दिसेना. शेवटी नाशिकच्या सायबर कॅफेतून ड्रायव्हर सीडीवर उतरवून नेला. तो टाकला, कार्डाचा हिरवा दिवा लागला, आणि लगेच स्क्रीनवर कोल्ड रूमच्या कॉम्प्युटरवरून निरोप आला, "दार उघडा."

भाऊसाहेब म्हणाले, "चेष्टा करता का राव? आत कोणी नाय. कुलूप मीच लावलंय."

तेवढ्यात दुसरा निरोप आला, "लवकर."

आम्ही धावलो. कुलूप काढलं, तर क्रेटांच्या मागे किसन हमाल पडलेला. ओठ निळे झालेले. त्याला उन्हात आणून घोंगडीत गुंडाळलं, चहा पाजला. जरा बोलायला लागला तसं मी म्हटलं, "टाईप करायचं सुचलं म्हणून वाचलास रे!"

"मला कुठं टाईप करता येतंय, साहेब? आतल्या त्या दादांनी केलं. ते आले ना बाहेर?"

भाऊसाहेब बॅटरी घेऊन आत गेले. क्रेटन् क्रेट हलवून एकटेच परत आले. किसनच्या शेजारी बसले आणि हळूच म्हणाले, "हो रे, आले. घरी गेले ते."