ताईचा हेडफोन

— नाही हो, बॅटरीचा दोष नसणारच. रात्रभर चार्जिंगला लावून ठेवते ती. उघडून बघायचा तर बघा, पण बॅटरी नाही. लॅपटॉप बंद करून चालू केला, हा बिनवायरचा हेडफोन त्यातून काढून पुन्हा जोडला, इंटरनेटचा डबा या भिंतीवरून त्या भिंतीवर नेला — ताईच्या ऑफिसातून फोनवर जे जे सांगत होते ते सगळं करून झालं, तेव्हा कुठे तुम्हाला दुरुस्तीला पाठवलंय त्यांनी. बसा ना. उभ्यानं काय काम होणार? ताई येईलच एवढ्यात. ताई म्हणजे माझी मुलगीच, धाकटा तिला ताई म्हणायचा, मग तिची आई म्हणायला लागली, मग मीही. ऑफिसात बोलावलंय तिला. साहेबांना भेटायला. तुम्ही घाई करा असं नाही — म्हणजे खरं तर कराच.

मी फार बोलतो का? सवय आहे हो. बसस्थानकावर घोषणा करायचो मी, सगळी नोकरी माइकसमोर गेली. अमुक गाडी, तमुक फलाट, प्रवाशांनी सामानाकडे लक्ष द्यावं. समोरून कुणी उत्तर देत नाही, आपण बोलत राहायचं. आता माइकही नाही. ताई त्या खोलीत, मी या खोलीत. ती दिवसभर बोलत असते, पण दुसऱ्यांशी. दुभाषी आहे ना, फोनवरची. डॉक्टरला पेशंटची भाषा येत नाही, पेशंटला डॉक्टरची, मध्ये आमची ताई. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे. नऊ वाजता दार बंद करते. जेवायला बाहेर येते तेव्हा घसा इतका बसलेला असतो की मीच म्हणतो, राहू दे, नको बोलूस. आणि मनात म्हणतो, बोल ना दोन शब्द.

काय म्हणाला तो? हेडफोन बोलला ना आत्ता? 'दोन यंत्रं जोडली गेली'? असं म्हणतो खरा तो कधीकधी. एक हा लॅपटॉप... दुसरा तिचा मोबाइल असेल. हो, मोबाइल ती घेऊन गेलीय, बरोबर आहे तुमचं. मग शेजारच्यांचं काहीतरी असेल. भिंती पातळ आहेत इथल्या. — ते? त्या कोपऱ्यातलं? तो माझा कॉम्प्युटर. चादर धुळीसाठी टाकलीय. जुना आहे हो, पत्ते खेळतो मी त्यावर. चालू आहे का? असेल, सकाळी लावला होता, बंद करायचा राहिला...

नका काढू चादर. बरं, काढा.

तिचा लॅपटॉप मध्यंतरी दुरुस्तीला गेला होता, तेव्हा आठवडाभर तिनं याच्यावर काम केलं. तेव्हा जोडलेला राहिला हेडफोन. तिच्या लक्षातून गेलं, मला तर ठाऊकच नव्हतं. आईशप्पथ, पहिल्यांदा ठाऊक नव्हतं. मी आपला पत्त्यांचा डाव लावायला गेलो, काहीतरी वाजायला हवं होतं ते वाजलं नाही, आणि दोन मिनिटांत ताई खोलीबाहेर. 'बाबा, माझा आवाज गेला बघा अचानक.' हसत होती. एक फोन संपून दुसरा यायचा होता, म्हणून काही बिघडलं नव्हतं. इथे, या पलंगाच्या कडेला बसली. हेडफोनचं बटण दाबतेय, सोडतेय, आणि बोलतेय. कुणी एक आजोबा होते, डॉक्टरांनी विचारलं कुठे दुखतं, तर ते म्हणाले आधी तुम्ही जेवलात का सांगा — ते सांगत होती. माझ्याच पेल्यातलं पाणी प्यायली. महिनाभरात झालं नसेल एवढं बोलणं झालं हो आमचं. ती आत गेली, आणि मग मी स्क्रीनकडे बघितलं. खाली कोपऱ्यात हेडफोनचं चित्र — तिच्या कानातला आवाज माझ्या पत्त्यांनी ओढून घेतला होता.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. तोंडावरून दिसतंय तुमच्या.

रोज नाही केलं. तसा राक्षस नाही मी. आणि बघून करायचो — दाराला कान लावायचो आधी. आत ती बोलत असली तर हात नाही लावायचा. गप्प झाली, म्हणजे फोन संपला, मग इथे येऊन एक गाणं लावायचं, आवाज पार तळाला ठेवून. तिच्या कानातून लॅपटॉप सुटायचा, ती बाहेर यायची. 'काय झालंय याला कोण जाणे, बाबा!' आणि मी म्हणायचो, बस जरा, तापला असेल, थंड होऊ दे. हेडफोन कधी तापतो का? तिलाही कळत असेल की नाही तापत. पण बसायची. कधी डोक्याला तेल लावून घ्यायची, कधी नुसती खिडकीतून बघत. वाटायचं, तिलाही हवंच असेल, कुणीतरी थांबवायला.

आता मला सांगा, दुभाषी गप्प असतो तेव्हा काय करत असतो? — ऐकत असतो! एवढी साधी गोष्ट. सगळी नोकरी मी बोलण्यात घालवली, गप्प माणूस म्हणजे रिकामा माणूस असंच वाटायचं मला. परवा आत सगळं शांत होतं. म्हटलं, संपला फोन. आलो, लावलं गाणं. आणि आत डॉक्टर सांगत होते. तान्ह्या बाळाला झटके येत होते, आई एकटी घरी, औषध किती द्यायचं, किती वेळानं द्यायचं, कशी मान धरायची... ताई कान देऊन ऐकत होती. तिच्या कानात माझं गाणं वाजलं असेल, नाही तर काहीच वाजलं नसेल. मी विचारलं नाही.

ती हेडफोन हातात घेऊन बाहेर आली. म्हणाली, 'बाबा, तिनं हो हो म्हटलं असेल. घाबरलेली माणसं काही कळलं नाही तरी हो म्हणतात.' पुन्हा फोन लागेपर्यंत त्या बाईला दुसरा कुणी दुभाषी दिला होता. की दिला नव्हता? ते दुभाष्यांना सांगत नाहीत. पुढे काय झालं ते कधीच कळवत नाहीत, तसा नियमच आहे म्हणे. दोन दिवस झाले, ती धड जेवलेली नाही. आणि मी काय केलं माहितेय? चहा केला. म्हटलं, यंत्र ते, बिघडायचंच, तुझा काय दोष? तशी ती रडायला लागली. आई गेली तेव्हासुद्धा माझ्यासमोर रडली नव्हती. माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं तिनं, आणि मला... कसं सांगू... बरं वाटलं. तिकडे ते बाळ, आणि इकडे मला बरं वाटत होतं. हे कुणाला सांगायचं नव्हतं मला. कसं निघून गेलं तोंडातून.

ऐका ना, एक करता येईल का? तो हेडफोन माझ्या यंत्रातून पुसून टाका. कायमचा. आणि ऑफिसला कळवा, हेडफोनमध्येच दोष होता. नवीन देतील ते तिला, मिटलं... नाही? हो, तुमचंही पोट त्याच्यावर, खोटं कसं सांगणार. मग सांगा की दोष सापडला नाही. — सापडला नाही म्हटलं तर काय म्हणतील ते? तिनंच फोन ठेवला म्हणतील. कंटाळली, ठेवला. तेच विचारायला बोलावलंय तिला आज. ती म्हणेल मी नाही ठेवला, आणि कुणाचा विश्वास बसणार नाही. हळूहळू तिचाही स्वतःवर बसणार नाही. काल मला विचारत होती, 'बाबा, चुकून माझाच हात लागला असेल का हो?' आणि मी म्हटलं, असेल. असेल म्हटलं मी!

पुसलंत? चित्र गेलं? बघू. गेलं.

थांबा — जिना चढतेय. तिचीच चप्पल. काही बोलू नका तुम्ही. नाही, मीही बोलायला नको आत्ता, दमून आली असेल, जेवू दे आधी, मग संध्याकाळी शांतपणे... छे. संध्याकाळी मी पुन्हा चहाच करीन.

ये गं ताई. पर्स ठेव. बस इथे, माझ्याजवळ नको, समोर बस. काय म्हणाले ते नंतर सांग. हेडफोनला काही झालेलं नाही. तुझाही हात लागला नव्हता. — अहो, तुम्ही निघा आता. पाणीबिणी नको, निघा. पुढचं तुमचं काम नाही. दार ओढून घ्या जाताना.