पेडल उघडून बघा

उल्हासनगरच्या त्या दुरुस्तीच्या दुकानात उमा मिक्सर मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या आधी नंबर होता तो बेस गिटार पाठीला लावून आलेल्या मुलीचा. मुलीच्या हातात गिटारचा आवाज बदलणारी, पायाने दाबायची छोटी पेटी होती.

"गोपभाई, हे पेडल परत आणलं. लावलं की खालचा, घुमणारा आवाज जातो."

"तेजस्वी बेटा, मागच्या हफ्त्यात तर नवीन बटण बसवून दिलं. त्याने अर्धा आवाज पेडलमधून फाटून येतो, अर्धा साधाच सरळ जातो. मग खालचा जाणार कुठे?"

"बाबांना ऐकू येत नाही."

"त्यांना तसं पण कुठे येतं? तीस साल अंबरनाथच्या कारखान्यात प्रेस मशीनच्या धडधडाटात होते ना?"

"बारीक आवाज केव्हाच गेले. माझं बोलणंही कळत नाही. पण बेस कळायचा. मी वाजवलं की खुर्चीत बसून मान हलवायचे."

"लाव इथे. हं, वाजव. आता स्पीकरवर हात ठेव. लागतो खालचा?"

"लागतो."

"भरपूर लागतो. पेडल एकदम ठीक आहे."

"नाहीये ठीक."

"घरी पेडल काढून वाजवलंस कधी?"

"परवा वाजवलं."

"मग? मान हलवली?"

तेजस्वी वायर गुंडाळत राहिली.

"तुम्ही एकदा उघडून तर बघा, गोपभाई. आतला एखादा जोड सुटला असेल."

"बेटा..."

"असतो कधी कधी सुटलेला."

गोपभाईंनी स्क्रू-ड्रायव्हर उचलला आणि उमाकडे पाहिलं.

"बघा तिचं," उमा म्हणाली. "माझा मिक्सर उद्या झाला तरी चालेल."